कुंदाबेनचं सासर-माहेर

कुंदाबेनच्या दारात उभं राहून तुम्ही काही विचारलंत आणि त्या मान न वळवता "ऊभां रहो, हुं सासरे छुं" म्हणाल्या, तर गोंधळून परत जायचं नाही. सासरी म्हणजे कुठे, सासू-सासरे तर केव्हाच गेले, नवराही गेला, घरात दुसरं माणूस नाही, असले प्रश्न विचारायचे नाहीत. नुसतं उभं राहायचं. समोरच्या कॉम्प्युटरची स्क्रीन काळी होते, पांढरी अक्षरं धावतात, मग निळा उजेड पडतो, आणि बाई फिरत्या खुर्चीसकट तुमच्याकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणतात, "हं, आले माहेरी. आता बोला."

मी बडोद्यात गोत्रीतल्या या सोसायटीत राहायला आले त्या आठवड्यात दूधवाल्याचा नंबर विचारायला समोरच्या दारी गेले होते. पाटीवर 'पटेल' वाचलं आणि माझ्या गुजरातीत सुरुवात केली. बाईंनी मला पूर्ण बोलू दिलं आणि मग विचारलं, मराठी ना तुम्ही? कसं ओळखलंत, म्हटलं. तर म्हणाल्या, तुमचं गुजराती ऐकून.

त्यांचा धंदा लग्नपत्रिका जुळवण्याचा, म्हणजे छपाईसाठी मजकूर मांडून देण्याचा. बडोद्यात आपली मराठी माणसंसुद्धा पत्रिकेला कंकोत्री म्हणतात आणि भाजीला शाक म्हणतात, तेव्हा धंदा कंकोत्रीचा म्हणू. त्यांचे यजमान रमणभाई, मूळचे जवळच्या सावली गावचे. त्यांची फतेगंजात छोटी प्रेस होती. रमणभाई गेले, यंत्रं विकली गेली आणि प्रेसमधला कॉम्प्युटर तेवढा घरी आला. त्यातले गुजराती टाइप जुने, वळणदार, रमणभाईंनी हौसेनं जमवलेले. ते फक्त त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालायचे. नव्या सिस्टिमवर उघडले की अक्षरांच्या जागी चौकोन यायचे. पुढे मराठी कामं येऊ लागली, त्यांना नवी सिस्टिम हवी. दुसरा कॉम्प्युटर घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. बाईंनी त्याच डब्यात दुसरी सिस्टिम बसवून घेतली. जुनी गुजराती ते सासर, नवी मराठी ते माहेर. अमुक पत्रिका कुठे आहे, तर सासरी. वीजबिल कुठून भरता, तर माहेरून.

आणि ज्या घरात असतील त्या घरचीच भाषा. यात सूट नाही. एकदा सावलीहून सेवंतीभाई नावाचे गृहस्थ मुलाच्या लग्नाचा मजकूर घेऊन आले. कुंदाबेन तेव्हा माहेरी एका मुंजीच्या पत्रिकेत गुंतल्या होत्या. त्यांनी सेवंतीभाईंना बसा म्हटलं मराठीत, पाणी दिलं मराठीत, आणि मजकुरात वराच्या मामांचं नाव राहिलंय हेही मराठीतच सांगितलं. गृहस्थांची समजूत झाली की बेन रागावल्या. दुसऱ्या दिवशी ते पेढ्यांचा पुडा घेऊन माफी मागायला आले. त्या दिवशी बाई सासरी होत्या, त्यामुळे त्यांचं इतकं गोड स्वागत झालं, की पेढ्यांचाच गुण आला असं ते आजही समजतात.

बाईंना एकच ध्यास होता, या घरातून त्या घरात लवकर कसं पोचायचं. सुरुवातीला एक सिस्टिम पूर्ण बंद करून दुसरी चालू करावी लागे. तेवढ्यात चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. मग दुरुस्तीवाल्या हसमुखभाईंनी युक्ती शिकवली. बंद करायचं नाही, झोपवायचं. उघडी कामं उघडीच ठेवून एक सिस्टिम झोपते, दुसरी जागी होते आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे काम. आता फोडणीतली मोहरी तडतडेपर्यंत बाई या घरातून त्या घरात जायच्या. एकदा मला स्वयंपाकघरात उभं करून, तेल तापवून, त्यांनी ते सिद्ध करून दाखवलं. मोहरी हरली.

हसमुखभाई पुढे म्हणाले होते, की आता असंही होतं, एका सिस्टिमच्या आतच दुसरी एका खिडकीत उघडता येते. जा-ये करायलाच नको. बाईंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मला म्हणाल्या, "माहेरात सासर कोंबलं की दोन्हीकडची माणसं रुसतात."

फक्त एक पथ्य होतं. दोन्ही घरांचा एक समाईक ओटा होता, म्हणजे डिस्कचा असा भाग, की जो दोन्हीकडून दिसतो. दोन्ही भाषांत लागणाऱ्या फाइली तिथे. झोपायला जाताना ओट्यावरचं आवरून जायचं. एकीनं फाइल उघडी टाकून झोपायचं आणि दुसरीनं उठून तिलाच हात लावायचा, तर फाइलीचा चिवडा होतो. हे मला त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की कॉम्प्युटर न येताही मला ते पाठ झालं.

माझ्याकडे वेळ होता आणि चष्मा नवा होता, म्हणून मराठी प्रुफं वाचायचं काम माझ्याकडे आलं. काम नावापुरतंच. बाईंच्या प्रुफात चूक सापडायची नाही. पत्रिकेत चूक म्हणजे नवरीच्या कपाळी तिरपं कुंकू, असं त्या म्हणायच्या. वाचता वाचता माझं लक्ष स्क्रीनवरच्या चित्राकडे जाई. सासरी सावलीचं शेत होतं, बाजेवर बसलेले सासरे होते, रमणभाई ट्रॅक्टरला टेकून हसत होते. माहेरी मात्र नुसता निळा रंग. एकदा मी विचारलं, इकडे काहीच नाही लावलंत? म्हणाल्या, चांगला फोटो मिळाला नाही.

सासर-माहेराच्या या थट्टेत मी कित्येक महिने सामील होते. बाईंना माहेर नाही, हे मला फार उशिरा कळलं.

त्या मूळच्या पोतनीस. संस्थानाच्या काळापासून कचेरीत कारकुनी केलेलं घराणं, राहणार रावपुऱ्यात. कॉलेजात असताना कुठल्याशा मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं तपासायला त्या फतेगंजच्या प्रेसमध्ये जाऊ लागल्या. स्मरणिका छापून झाली तरी जातच राहिल्या. वडिलांनी पटेलाशी लग्न मान्य केलं नाही. आरडाओरडा केला नाही, फक्त त्यानंतर घरात मुलीचं नाव घेतलं नाही. थोरला भाऊ प्रभाकर, त्यांचा दादा, त्यांना लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा. तोही वडिलांपुढे बोलला नाही. वडील गेल्यावर तरी बोलेल असं बाईंना वाटलं होतं. मग आई गेली. बाईंना ते कळलं दोन-चार दिवसांनी, खंडेराव मार्केटात भाजी घेताना, ओळखीच्या एका बाईकडून. त्यानंतर त्यांनीही वाट पाहायचं सोडलं. एकाच गावात, रिक्षाच्या अंतरावर, बहीण-भाऊ म्हातारे झाले.

हे त्यांनी मला सांगितलं ते एका मुलीमुळे. मुग्धा नावाची ही मुलगी एक दिवस आपल्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली. नवरा गुजराती, हार्दिक त्याचं नाव. दोन्ही घरच्यांना एकाच कागदावर दोन्ही भाषांतली पत्रिका हवी होती. फतेगंजातल्या छापखानेवाल्यानं सांगितलं होतं, की असलं काम गोत्रीच्या कुंदाबेनच करतील. मी तिथे बसले होते. बाई मजकूर टाइप करू लागल्या. मुलीनं आडनाव सांगितलं, पोतनीस. बाईंची बोटं थांबली. आजोबांचं नाव, त्यांनी विचारलं. प्रभाकर, मुलगी म्हणाली.

बाईंनी ते नाव टाइप केलं. मग तपासणारं घरात कुणी आहे का, असं नेहमीच्या आवाजात विचारलं. मुग्धा हसली. म्हणाली, आजोबा आहेत ना, पेपरातल्यासुद्धा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करतात. मोबाईलवर प्रूफ पाठवलं तर चालेल का? बाई म्हणाल्या, मोबाईलवर वेलांटी दिसत नाही, कागद ने.

ती दोघं गेल्यावर बाईंनी मग मला सगळं सांगितलं, आणि लगेच सासरी जाऊन गुजराती बाजू जुळवायला घेतली.

गुजराती बाजू एका फेरीत मंजूर झाली. हार्दिकचे वडील फोनवर म्हणाले, "चाले, बेन, बहु सरस." मराठी बाजू परत आली ती लाल होऊन. म्हणजे चूक एकही नव्हती, पण दादांनी एक स्वल्पविराम काढला होता, दोन शब्द जवळ घेतले होते आणि समासात, आपलं म्हणणं कळावं म्हणून, एक पूर्ण ओळ लिहून दाखवली होती. बाईंनी तो कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला. म्हणाल्या, "याचा 'ण' अजून तसाच आहे. पोट बाहेर काढलेला."

दुसरं प्रूफ त्यांनी माझ्या हातात दिलं आणि मला त्यात चूक सापडली. 'स्नेहभोजन'वर नको असलेला अनुस्वार बसला होता. इतक्या दिवसांत पहिली चूक. मी आनंदानं दाखवली. बाई म्हणाल्या, राहू दे. मी म्हटलं, अहो, चूक आहे. म्हणाल्या, दिसते मला, राहू दे.

ते प्रूफ रावपुऱ्याला गेलं आणि लाल होऊन आलं. अनुस्वार खोडला होता. शिवाय मागच्या वेळी काढलेला स्वल्पविराम परत घातला होता. तिसऱ्या प्रुफात बाईंनी वेगळी चूक सोडली. दादांनी ती पकडली आणि स्वल्पविराम पुन्हा काढला. दोन्ही बाजू एकाच कागदावर, त्यामुळे इकडे ओळ हलली की तिकडे गुजरातीतही ओळ हलवावी लागे. बाई दिवसभर सासर-माहेर करत होत्या आणि गुणगुणत होत्या. मुग्धा बिचारी रावपुरा ते गोत्री हेलपाटे घालून कंटाळली. एकदा म्हणाली, आजोबा विचारत होते, या बाई कोण, मराठी बरं जमतं त्यांना. तू काय सांगितलंस, बाईंनी विचारलं. पटेल म्हणून आहेत, असं सांगितलं. मग? मग काही नाही, हं म्हणाले.

ते 'हं' कसं म्हणाले, हे बाईंनी तिला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

मी अनेकदा म्हटलं, फोन करा. नंबर आहे, मुलगी इथे येते, हे काय लहान मुलांसारखं चाललंय. बाईंचा बेत ठरला होता. पत्रिका छापून आल्या की गठ्ठे घेऊन त्या स्वतः रावपुऱ्याला जाणार होत्या. हातात गठ्ठा असला की दारात उभं राहायला कारण असतं, म्हणाल्या. आणि दादाला एकच गोष्ट विचारायची होती. आई गेली तेव्हा तिच्याजवळ तो एकटाच होता. वहिनीही आता नाही. "शेवटी आईनं माझं नाव काढलं का, एवढंच विचारायचंय. बाकी भांडण नाही माझं."

चौथ्या प्रुफात त्यांनी 'आशीर्वाद'मधली वेलांटी ऱ्हस्व करून ठेवली होती. ही चूक सगळं जग करतं. दादाशिवाय कुणाला दिसणार नाही, असं त्या कौतुकानं म्हणाल्या. हे शेवटचं, आता पुरे, असंही म्हणाल्या.

ते प्रूफ परत आलं नाही. दुपारी मुग्धाचा फोन आला. आजोबा सकाळी न्हाणीघरात पडले होते, दवाखान्यात होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लग्न पुढे ढकलायचं नाही असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं, तेव्हा पत्रिका आहे तशी उद्या छापायला द्या, असं बाबांनी सांगितलंय.

बाई तेव्हा सासरी होत्या, तीच पत्रिका समोर उघडी होती. फोन ठेवून त्या सवयीनं वळल्या, सिस्टिम झोपवली, माहेर उघडलं, त्याच फाइलीत काहीतरी केलं, पुन्हा सासरी गेल्या. ओटा आवरायला विसरल्या. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. स्क्रीनवर फाइलीचं नाव होतं आणि आत काही नव्हतं. इतक्या लग्नांच्या पत्रिका त्यांनी केल्या, पण त्यांच्या हातून गेलेली फाइल ही पहिली.

मला वाटलं, रडतील. त्यांनी कपाटातून दादांची तीन लाल प्रुफं काढली, टेबलावर ओळीनं मांडली आणि म्हणाल्या, वाच. मी वाचत गेले, त्या पहिल्या अक्षरापासून नव्यानं टाइप करत गेल्या. स्वल्पविरामापाशी मी अडले. तो एकदा काढला होता, एकदा घातला होता, पुन्हा काढला होता. कुठलं धरू, म्हटलं. बाईंनी तिन्ही कागद पाहिले. मला वाटतं तेव्हा त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. मी ते कधीचंच ओळखलं होतं, पण त्या आपल्याच चुकांच्या खेळात इतक्या दंग होत्या, की पलीकडून कुणी खेळतंय हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"त्याला कळलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मग बोलला का नाही गं?"

बोलल्या तर त्याही नव्हत्या.

'आशीर्वाद' आलं तेव्हा त्यांनी वेलांटी दीर्घ दिली. दुसऱ्या दिवशी पत्रिका छापायला गेली.

गठ्ठे तयार होईपर्यंत दादांना घरी आणलं होतं. बाई एकट्याच रावपुऱ्याला गेल्या. मी येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. साडी नेसल्या होत्या, एरवी त्या गाऊनवरच असायच्या. संध्याकाळी परत आल्या, माझ्याच घरी येऊन बसल्या आणि पाणी मागितलं.

दार मुग्धाच्या वडिलांनी उघडलं. बाईंनी घर सोडलं तेव्हा हा भाचा पाळण्यात होता. छापखान्यातून आलेय, असं सांगायचं ठरवून गेल्या होत्या, पण तोंडून निघालं, मी कुंदा. त्यानं गठ्ठे हातातून घेतले आणि वाकून नमस्कार केला. आतल्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

दादा उशीला टेकून बसले होते. बाईंना पाहून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण त्या आजारात ते तसंही येतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, तेव्हा त्यावरून काही समजायचं नाही, बाई म्हणाल्या. त्यांनी दादांना पत्रिका दाखवली. रमणभाई कसे गेले ते सांगितलं. फतेगंजची प्रेस, गोत्रीचं घर, इतक्या वर्षांचं जे सुचेल ते सांगितलं. डावा हात हातात धरून बोलत राहिल्या. दादा त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"मग विचारलं," बाई म्हणाल्या.

मी त्यांचा पेला पुन्हा भरला.

"खूप प्रयत्न केला त्यानं. मान ताठ केली, घाम आला. मीच म्हटलं, राहू दे दादा. तर हात सोडेना. शेवटी काहीतरी आवाज काढला. त्यात 'ह' होता, एवढं नक्की ऐकलं मी. पण 'हो'तही 'ह' आहे आणि 'नाही'तही आहे."

त्यांनी पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"रिक्षात बसेपर्यंत ठरत नव्हतं माझं. मग मी 'हो' धरलं."